कारखान्यातनं निघाली तशी

लाल रंग द्यायचा नाही म्हणजे नाही द्यायचा. हे मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत होतो, आणि पहिल्या दिवसापासून सगळे मला लाल रंगाचंच सांगत होते. शेजारचा रिक्षावाला सांगायचा, पंक्चरवाला सांगायचा, दूध घालायला येणारा किटली खाली ठेवून सांगायचा. "स्पोर्ट गाडी हाय, लाल पायजे. लय उठून दिसंल." अरे बाबांनो, गाडी कुणाची? हौस कुणाची? ज्या विलायती कारखान्यात ही गाडी तयार झाली, तिथं तिला सायीचा रंग दिला होता. तापवलेल्या दुधावर धरते तशी साय, किंचित पिवळसर. डॅशबोर्ड खोलला तेव्हा त्याच्या मागं, जिथं कधी ऊन पोचलं नव्हतं, तिथं तो रंग जसाच्या तसा सापडला. मी बायकोला हाक मारून दाखवला. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "आवं, ही तर ॲम्बुलन्स दिसंल." बोलून गेली आणि मग तिलाच हसू आवरेना.

मी फौजेत सगळी नोकरी गाड्यांच्या खाली उताणा पडून काढली. मेकॅनिक होतो. गाव वडूजच्या बाजूचं, घर धनगराचं. वडील मेंढरं घेऊन मुलुखभर फिरायचे, मी मेंढरं सोडून इंजिनांच्या नादी लागलो. रिटायर झाल्यावर साताऱ्यात घर बांधलं आणि एमआयडीसीच्या कडेला एक पत्र्याचं शेड धरलं. माझ्या बरोबरचे बरेच जण सिक्युरिटीत लागले. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो, कुणी सोसायटीच्या गेटवर. मला बसायचं नव्हतं.

गाडी सांगलीत मिळाली. हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात, पोत्यांच्या थप्पीमागं उभी होती. उघड्या टपाची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी. व्यापाऱ्याच्या वडिलांनी तरुणपणी हौसेनं घेतलेली. आता हा व्यापारीच म्हातारा झालेला. आम्ही ती ढकलत टेम्पोत चढवली, तसा तो हसून म्हणाला, "हवालदारसाहेब, ही काय आता चालत न्हाई. अंगणात ठेवा, कोंबड्या अंड्यावर बसतील."

माझं डोकं फिरायला एवढं पुरे. मी म्हणालो, "शेटजी, आज ही टेम्पोत बसून चाललीय. परत येईल ती आपल्या चाकांवर येईल, आणि कारखान्यातनं निघाली तशी येईल. तुमच्या दारात उभा राहून हॉर्न वाजवीन."

"या की," तो म्हणाला, "च्या ठेवतो." तो हे बोलून विसरला असेल. मी नाही विसरलो.

गाडी खोलायला घेतली तर जिथं तिथं हळद. स्क्रूच्या खाचेत हळद, सीटच्या पोटात हळद, मीटरच्या काचेच्या आत हळद. माझी बनियनं पिवळी झाली, नखं पिवळी झाली. बायको कपडे पिळताना गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायची, "दुसरी आणली ती आणली, वर हळद लावून आणली!"

कारखान्यातनं निघाली तशी, म्हणजे नुसती चकाचक नव्हे. हे लोकांना कळत नाही. चकाचक कुणीही करतो. कारखान्यातला पेंटर घाईत असायचा. बॉनेटच्या आतल्या बाजूला त्यानं हात अर्धवट फिरवलाय, एका कोपऱ्यात रंगाचा ओघळ आलाय. मग माझ्याही बॉनेटच्या आत हात अर्धवटच फिरला पाहिजे आणि ओघळ त्याच कोपऱ्यात आला पाहिजे. जिथं त्यांनी पितळ उघडं ठेवलं तिथं मी रंग लावायचा नाही. जिथं चपट्या खाचेचा स्क्रू होता तिथं चपट्याच खाचेचा. साताऱ्याच्या एका फॅक्टरीत माझा मुलगा मशीनवर आहे. त्याच्याकडून मी एकेक बारीक सामान घासून घेतलं, आणि जरा कमीजास्त झालं की परत पाठवलं. "आबा, हे कोण बघणार हाय?" तो वैतागून विचारायचा. मी बघणार आहे. आणखी कोण पाहिजे?

इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर पिवळ्या मेणखडूनं केलेली एक खूण होती. बरोबरची खूण, शाळेत मास्तर करतात तशी, पण घाईत ओढलेली, शेपूट लांब गेलेली. कारखान्यातल्या तपासनीसानं गाडी फिरवून आणली असेल, बॉनेट उघडलं असेल, आणि पास म्हणून ती खूण केली असेल. हळद, उंदीर, एवढी वर्षं, सगळ्यांतनं ती वाचली होती. मी तिच्यावर प्लास्टिकचा कागद चिकटवून ठेवला होता आणि शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो, इथं बोट लावायचं नाही.

गाडी जवळजवळ पुरी झाली, आणि एका सकाळी नळावर तोंड धुताना माझा डावा हात खाली पडला. पडला म्हणजे लोंबायला लागला. मग पाय गेला, तोंड वाकडं झालं. पुढचं मला बायकोनं सांगितलं तेवढंच माहीत आहे. दवाखान्यात बरेच दिवस काढले. पाय हळूहळू परत आला. "जीभ तर आधीच परत आली," असं बायको येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते. हात काही आला नाही. कोपरापर्यंत हलतो, पण बोटं मिटत नाहीत. साधा पेला धरायचा म्हटलं तरी तो निसटतो.

दवाखान्यातनं घरी सोडलं त्याच दिवशी मी शेडकडे न्या म्हणून हट्ट धरला. तिथं आमची सगळी रिटायर पलटण दारात उभी. पुढं माझा मित्र. हा साताऱ्याचाच, बागवान घरातला, फौजेत माझ्याच वर्कशॉपमध्ये पेंटर होता. आमची दोस्ती एवढी, की ईदचा शीरखुर्मा मी त्याच्या घरच्यांच्या आधी खातो. त्यानं माझ्या गळ्यात हार घातला, नारळ फोडला, आणि बॉनेट उघडून छाती पुढं काढून म्हणाला, "गड्या, इन्स्पेक्शनला रेडी हाय!"

मी आत बघितलं. कार्बोरेटर चंदेरी. पितळेच्या नळ्या चंदेरी. इंजिनाचे नट लाल, तेलाचं झाकण पिवळं, बॅटरीची पेटी काळी कुळकुळीत. बॉनेटची आतली बाजू आणि इंजिनामागचा पत्रा, दोन्ही सपाट, सायीच्या रंगाचे, ओघळ नाही, डाग नाही. आणि खूणही नाही.

फौजेत राहिलेल्या माणसाला यातलं काही नवीन नाही. मोठा साहेब बघायला येणार म्हटलं की आमच्याकडे रंगाचे डबे उघडतात. झाडाच्या बुंध्याला गेरू, वाटेच्या दगडांना चुना, गाडीच्या प्रत्येक नटाला रंग. मी दवाखान्यात पडलेला, मग यांनी प्रेमापोटी काय करावं? माझी गाडी साहेबाला दाखवायला काढली! कारखान्यातला पेंटर विसरला होता तेवढी जागासुद्धा यांनी रंगवली. प्लास्टिकचा कागद काढून, खालचा पत्रा पुसून, मग रंगवला.

माझ्या तोंडातनं जे निघालं ते इथं लिहिता येणार नाही. तोंड अजून थोडं वाकडं होतं, तरी शब्द सगळे सरळ गेले. सगळे माना खाली घालून उभे. शेवटी माझा मित्र म्हणाला, "तू जगतोस का मरतोस कळंना. दवाखान्यात आत सोडंनात. घरी बसवंना. मग काय करायचं? हातात ब्रश घेतला." त्याचे डोळे भरले होते. मला त्याची माया कळत होती आणि रागही जात नव्हता, दोन्ही एकाच वेळी. मी म्हणालो, "लावलाय तेवढा सगळा काढायचा. तुमीच."

आणि काढला. दुसऱ्या दिवसापासून सगळे थिनर, चिंध्या आणि दात घासायचे जुने ब्रश घेऊन हजर. मी खुर्चीवर बसून नट नट दाखवायचो. माझा मित्र पुटपुटायचा, "लावताना येवढा वेळ लागला न्हवता," आणि घासायचा. पितळ पुन्हा पितळ झालं. कोपऱ्यातला ओघळ त्यानं माझ्या देखत पाच वेळा खोडून सहाव्यांदा आणला, कारण चांगल्या पेंटरच्या हातून वाईट काम लवकर होत नाही.

खूण मात्र गेली ती गेली. मित्राच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो होता. तो म्हणाला, "पिवळा मेणखडू आणलाय. तश्शीच काढून देतो. कारखान्यातला माणूस आला तरी फरक कळायचा न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो. "ती खूण गाडी फिरवून आणल्यावर करतात. गाडी रस्त्यावर जायच्या आधी खूण केली तर ती खोटी." मी तो खडू डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. गाडी सांगलीला जाईल तेव्हाच तो बाहेर निघेल, हे मी तिथंच सगळ्यांना सांगून टाकलं.

पण जाणार कशी? डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोकं चांगलं आहे, नजर चांगली, पाय चांगले. गाडी चालवायला हळूहळू हरकत नाही, पण गिअरची गाडी नको. ऑटोमॅटिक घ्या. या गाडीचा गिअर मध्ये, डाव्या हाताला, बोटाएवढा दांडा. हँडब्रेकही तिकडंच. म्हणजे जे काही होतं ते सगळं नेमकं मेलेल्या हाताकडं.

मुलगा एक दिवस शेडमध्ये आला आणि जमिनीवर उकिडवा बसून गाडीच्या पोटाखाली बघत म्हणाला, "आबा, एका लहान गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळतोय. हितला पत्रा थोडा कापायचा, दोन पट्ट्या वेल्ड करायच्या. वरनं काय कळणार न्हाई."

"पत्र्याला हात लावायचा नाही."

"आवं तुमच्यासाठीच म्हणतोय की! तुमाला चालवता यावी म्हणून!"

"न चालवता मेलो तरी चालेल. पत्रा कापायचा नाही."

तो उभा राहिला. पोरगा माझ्यावर गेलाय, त्याचंही डोकं लवकर तापतं. "मग कशाला केलं येवढं? नुसतं बघायला? मग ती गोदामातच बरी हुती," म्हणाला आणि निघून गेला.

हे मला लागलं. लागलं, कारण त्याचं बरोबर होतं. मी रोज सकाळी शेडमध्ये जायचो, उजव्या सीटवर बसायचो, क्लच दाबायचो आणि डावा हात उजव्या हातानं उचलून गिअरवर ठेवायचो. हात घसरून मांडीवर पडायचा. परत ठेवायचा, परत पडायचा. एका सकाळी असाच बसलो आणि मला रडू फुटलं. सांगायला लाज कसली? रडलो. बॉर्डरवर रडलो नव्हतो, तो त्या सायीच्या रंगाच्या गाडीत बसून हमसून हमसून रडलो.

बायको चहा घेऊन आली होती. कधी आली ते कळलं नाही. आजपर्यंत ती त्या गाडीत एकदाही बसली नव्हती. "त्या खड्ड्यात कोण बसंल? पडल्यावर क्रेननं काढाय लागंल," म्हणायची. त्या दिवशी तिनं थर्मास पत्र्यावर ठेवला, पदर खोचला, डावीकडचं दार उघडलं आणि धप्पकन आत बसली. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सांगा कुठं ढकलायचा."

"तुला काय करायचंय?"

"हात तुमचा गेलाय. माझा हाय न्हवं? आन् पत्रा बी कापाय नको. सांगा."

मी सांगितलं. पुढं पहिला, मागं दुसरा, मधनं सरकवून पुढं तिसरा, मागं चौथा. या गाडीचा पहिला गिअर गाडी जागेवर उभी असतानाच पडतो, चालत्या गाडीत टाकायला गेलं की ओरडतो. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीचे मागचे रस्ते मोकळे असतात. तिथं आम्ही सुरू केलं. मी पाय दाबला की फौजी आवाजात ओरडायचो, "दुसरा!" ती दचकायची, दांडा चुकीकडं जायचा, गिअर कर्र करायचा, आणि माझ्या काळजाला भोक पडायचं. मग मी आणखी ओरडायचो. तिसऱ्या वेळी तिनं दार उघडलं आणि सरळ घराकडं चालायला लागली.

"मी काय तुमचा शिपाई न्हाई," म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा तरी हात बघा."

मी गाडीत एकटा, गाडी रस्त्याच्या मधोमध. उतरून तिच्यामागं लंगडत गेलो. आयुष्यात बायकोच्या मागं एवढं कधी धावलो नव्हतो. तिनं वळून बघितलं आणि म्हणाली, "तुमी वरडला की मला गाडीचा आवाज ऐकू येत न्हाई. तिला काय पायजे ते ती सांगती. तुमी मधी बोलू नका."

मेंढरांमागं वाढलेली बाई. शंभर मेंढरांत कुठलं दमलंय आणि कुठलं नुसतं नाटक करतंय, हे तिला न बघता कळायचं. मी तोंडाला कुलूप लावलं. इंजिन भरायला लागलं की मी पाय दाबायचो आणि तिचा हात तोवर हललेला असायचा. थोड्याच दिवसांत माझा पाय आधी की तिचा हात आधी, हे आम्हाला दोघांनाही सांगता येईना. रस्त्याकडेचे लोक बोटं दाखवून हसायचे. एक मोटारसायकलवाला गाडी शेजारी आणून म्हणाला, "हवालदार, बायको गिअर टाकती व्हय?"

"टाकती," मी म्हणालो. "तुझी टाकती का?"

सांगलीला निघालो त्या सकाळी मुलगा आपली गाडी घेऊन मागं हजर. शेजारी माझा मित्र. मागच्या सीटवर ओढायची साखळी. "कशाला आलास?" मी विचारलं. "सहज," तो म्हणाला. तो मागं आहे हे मला बरं वाटलं.

कऱ्हाडपर्यंत हायवेला ट्रकांनी आम्हाला लय हॉर्न मारले. तिथनं पुढं कुंडलच्या वाटेला लागलो तर उसाचे ट्रॅक्टर. थांब, चाल, थांब, चाल. प्रत्येक वेळी पहिला गिअर, प्रत्येक वेळी हँडब्रेक. तिची बांगडी दांड्यावर आपटून वाजायची. एका जागी सगळाच रस्ता अडला, तशी माणसं गोळा झाली. एक आजोबा काठीवर रेलून बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "झ्याक हाय. पर लाल पायजे हुती." बायको इतकी हसली, की पहिला टाकायचाच राहिला.

सांगलीत गोदामाच्या दारात मी गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला. हॉर्नही मूळचाच, बारीक आवाजाचा. शेटजी बाहेर आले. आता त्यांना नीट चालता येत नाही, नातसुनेनं हात धरला होता. ते गाडीभोवती फिरले, दारावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आमचे वडील अशीच घेऊन आले हुते." मग आत बघून ओरडले, "च्या ठेवा रं!"

मी बॉनेट उघडलं. मुलगा आला, मित्र आला. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातनं पिवळा खडू काढला. मित्र म्हणाला, "कर गड्या, खूण कर." पण ज्यानं काम केलं त्यानं आपलंच काम पास करायचं नसतं, फौजेत हे आम्ही पहिल्या वर्षी शिकतो. या गाडीचं काम न केलेलं असं आमच्यात एकच माणूस होतं. मी खडू बायकोच्या हातात दिला आणि मागचा मोकळा पत्रा दाखवला.

तिनं खडू घेतला. पत्र्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग खडू कनवटीला लावला.

"आत्ता न्हाई," म्हणाली.

"का? आता काय राहिलं?"

"अजून घरी कुठं पोचलोय? निम्मीच वाट झालीया. घरी गेल्याबिगर पास कशी?"

माझा मित्र तोंड फिरवून हसायला लागला. मुलानं ओढायची साखळी आपल्या गाडीतनं काढली आणि शेटजींच्या पायरीवर ठेवून दिली. आम्ही चहा प्यालो. मग ती पदर खोचून डावीकडच्या सीटवर बसली, हँडब्रेक सोडला, दांड्यावर हात ठेवला आणि समोर बघत मला म्हणाली, "दाबा पाय."

मी दाबला.